शुद्ध हेतू आणि हातातला बॉम्ब

१९२९ च्या सप्टेंबरात भुसावळ स्थानकावर दोन तरुण गाडी बदलण्यासाठी उतरले. त्यांच्या सामानात बॉम्ब आणि पिस्तुले होती. झडतीची वेळ आली, पळापळ झाली, गोळ्या सुटल्या आणि दोघेही पकडले गेले. एक भगवानदास माहौर, दुसरे सदाशिवराव मलकापूरकर. दोघेही झाशीचे, दोघेही चंद्रशेखर आझाद यांचे सहकारी. जळगावच्या न्यायालयात त्यांच्यावर खटला चालला. तो ‘भुसावळ बॉम्ब खटला’ म्हणून ओळखला जातो. खानदेशातील जुन्या माणसांना त्याची आठवण असे. आज तो फारसा कोणाला ठाऊक नाही.

झाशीत नेवाळकरांच्या राज्यापासून मराठी कुटुंबे वसलेली आहेत. त्यामुळे मलकापूरकर, वैशंपायन ही आडनावे तिथे कोणाला परकी वाटत नाहीत. काकोरीच्या घटनेनंतर, म्हणजे ऑगस्ट १९२५ नंतर, पोलिसांना हुलकावणी देत आझाद झाशीला आले. चित्रकला शिकवणारे मास्टर रुद्रनारायण यांच्या घरी त्यांना आसरा मिळाला. मिशीला पीळ देणारे आझादांचे जे छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले आहे, ते याच घरातले. पुढे ओरछाजवळ सातार नदीच्या काठी, हनुमानाच्या मंदिराशेजारी ते ‘हरिशंकर ब्रह्मचारी’ या नावाने कुटी बांधून राहिले आणि गावातल्या मुलांना शिकवू लागले. झाशीच्या एका मोटार गॅरेजमध्ये गाडी चालवणे आणि दुरुस्त करणेही शिकले. विश्वनाथ वैशंपायन, सदाशिवराव, भगवानदास हे सारे तेव्हा विशी गाठत असलेले तरुण त्यांच्याभोवती जमले. घरच्यांना वाटे पोरे अभ्यास करतात.

हे चरित्र सांगण्याचा हेतू केवळ वंदन करण्याचा नाही. वंदन तर आहेच. परंतु साधना करणाऱ्या माणसाला या जीवनांतून एक प्रश्न भिडतो आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. एखाद्याचा हेतू निर्मळ असेल, स्वतःसाठी त्याला काडीचीही अपेक्षा नसेल, तर त्याच्या हातून घडणारी हिंसा निर्मळ होते का? ‘होय’ म्हणावे, तर जगातला प्रत्येक बॉम्ब ठेवणारा उद्या हेच सांगत येईल. ‘नाही’ म्हणावे, तर गीतेतला अर्जुन कुठे उभा करायचा?

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूरला खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी न्यायाधीश किंग्जफर्ड यांची गाडी समजून एका घोडागाडीवर बॉम्ब टाकला. गाडीत किंग्जफर्ड नव्हते. बॅरिस्टर केनेडी यांची पत्नी आणि मुलगी होती. दोघी गेल्या. या घटनेवर ‘केसरी’त लिहिलेल्या अग्रलेखांसाठी लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. बॉम्बची बाजू त्यांनी घेतली नव्हती. सरकारच्या दडपशाहीने तरुणांच्या हाती बॉम्ब दिला, हे त्यांचे म्हणणे होते. आणि मंडालेच्या त्याच तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिले गेले. त्यात लोकमान्यांनी कर्माच्या बाह्य परिणामापेक्षा कर्त्याची बुद्धी श्रेष्ठ ठरवली. परिणामाची बेरीज-वजाबाकी करून नीती ठरत नाही, करणाऱ्याचे मन कसे आहे ते पाहिले पाहिजे, असा त्यांचा आग्रह. मनाला पटणारे विवेचन आहे. महाभारतातले मुंगूस युधिष्ठिराच्या यज्ञमंडपात लोळते आणि तरी त्याचे उरलेले अंग सोन्याचे होत नाही. गरीब ब्राह्मणाच्या मूठभर सातूच्या दानाने मात्र त्याचे अर्धे अंग सोन्याचे झालेले असते. दान किती, यापेक्षा देणाऱ्याचे मन मोठे.

पण दानाच्या बाबतीत जे इतके सोपे आहे, ते बॉम्बच्या बाबतीत तितकेच सोपे आहे का? सातूची मूठ चुकून दुसऱ्याच्या पानात पडली तर कोणाचे काही बिघडत नाही. बॉम्ब दुसऱ्याच्या गाडीत पडला तर त्या मायलेकी परत येत नाहीत.

भगवानदासांच्या पिढीत हा वाद अतिशय उघडपणे झाला. आपल्याकडे एवढा गंभीर नैतिक वाद इतक्या थोड्या दिवसांत आणि इतक्या थेटपणे क्वचितच झाला असेल. ८ एप्रिल १९२९ रोजी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी दिल्लीच्या असेंब्लीत बॉम्ब टाकले. ते मुद्दाम कमी ताकदीचे होते, मोकळ्या जागेकडे फेकले होते आणि फेकणारे तिथून हलले नाहीत. २३ डिसेंबर १९२९ ची गोष्ट मात्र वेगळी. त्या दिवशी दिल्लीजवळ व्हाइसरॉय आयर्विन यांच्या गाडीखाली स्फोट घडवण्यात आला. मारण्याचाच तो प्रयत्न होता. व्हाइसरॉय वाचले. त्यानंतर लाहोरच्या काँग्रेस अधिवेशनात गांधीजींनी निषेधाचा ठराव मांडला आणि २ जानेवारी १९३० च्या ‘यंग इंडिया’त बॉम्बच्या पंथावर लेख लिहिला. क्रांतिकारकांच्या वतीने भगवतीचरण व्होरा यांनी आझादांशी विचारविनिमय करून उत्तर लिहिले. ‘बॉम्बचे तत्त्वज्ञान’ या नावाचे ते पत्रक जानेवारीच्या अखेरीस देशभर वाटले गेले. आणि १२ मार्च १९३० रोजी, दांडीयात्रा निघाली त्याच दिवशी, गांधीजींचे गीतेचे भाषांतर ‘अनासक्तियोग’ प्रसिद्ध झाले. हा निव्वळ योगायोग असेल. तरीही हे सारे एकाच श्वासात वाचावे असे आहे.

भगवतीचरणांचा युक्तिवाद दुबळा नव्हता. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते: अन्यायासाठी वापरलेले बळ म्हणजे हिंसा, अन्याय दूर करण्यासाठी वापरलेल्या बळाला तेच नाव लावणे बरोबर नाही. सत्याग्रह म्हणजे सत्याचा आग्रह. तो आत्मबळानेच धरायचा, शरीरबळाची जोड त्याला द्यायची नाही, असे का? गांधीजी जनतेच्या मनात नेमके काय आहे हे जाणतात असे कशावरून? हे प्रश्न लिहिणारा माणूस रिकामटेकडा नव्हता. लाहोरच्या सुखवस्तू घरातला, वडील रायबहादूर, पत्नी दुर्गादेवी, पदरी लहान मूल. सगळे पणाला लावून तो बसला होता.

गांधीजींच्या लेखातला एक मुद्दा मात्र या पत्रकाने खरोखर खोडून काढला, असे मला वाटत नाही. तो असा: परक्या सत्ताधाऱ्यावर उगारलेला हात, देशाच्या वाटेत येतात असे ज्यांच्याबद्दल आपल्याला वाटते त्या आपल्याच माणसांवर उगारला जायला वेळ लागत नाही. हे लिहून झाल्याला सात आठवडे होतात न होतात तोच, २१ फेब्रुवारी १९३० रोजी, जळगावला भगवानदासांनी गोळ्या झाडल्या. गुप्तपणे पोहोचवलेले पिस्तूल त्यांच्या हाती होते आणि समोर साक्ष द्यायला आणलेले जयगोपाल आणि फणींद्रनाथ घोष होते. दोघेही कालपर्यंतचे सहकारी, आता माफीचे साक्षीदार. जयगोपाल जखमी झाला, दोघेही वाचले. फणींद्रनाथाला पुढे १९३२ मध्ये बेतियाला दुसऱ्या एका क्रांतिकारकाने मारले. १९३० मध्येच पक्षाने यशपाल या आपल्याच कार्यकर्त्याला संपवण्याचा निर्णय घेतला होता. तो फुटला म्हणून यशपाल वाचले, आणि नंतर ते हिंदीतले मोठे लेखक झाले. त्याआधी १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरला साँडर्सच्या वधानंतर पाठलाग करणारा हवालदार चननसिंग आझादांच्या गोळीने पडला. तोही हिंदीच होता, पगारावर पोट भरणारा. आणि साँडर्स? मारायचे होते स्कॉटला.

जयगोपालच्या साक्षीने तिघांच्या फाशीची वाट मोकळी झाली, हे खरे आहे. फितुरी ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. म्हणून जळगावच्या त्या तरुणाचा संताप समजतो. परंतु एखादी गोष्ट समजणे वेगळे आणि ती निर्दोष ठरवणे वेगळे.

आता गीतेकडे यावे. कारण बंगालच्या अनुशीलन समितीत तरुण गीता हाती घेऊन शपथ घेत, आणि आजही कुठल्याही हिंसेचे समर्थन करायचे झाले की आपल्याकडे पहिल्यांदा गीताच पुढे केली जाते. अठराव्या अध्यायात भगवंत असे सांगतात की ज्याच्या ठायी ‘मी कर्ता’ हा भाव उरला नाही आणि ज्याची बुद्धी लिप्त होत नाही, तो मारूनही मारत नाही. हे वचन फार मोठे आहे आणि म्हणूनच फार धोक्याचे आहे. विष जपून ठेवतात तसे ते जपून ठेवावे. कारण हे वचन वाचून ‘तो मीच’ असे म्हणणाऱ्याच्या ठायी ‘मी’ शिल्लक आहे, हे उघड आहे. सोळाव्या अध्यायात आसुरी माणसाचे चित्र आहे. हा शत्रू मी मारला, उरलेलेही मारीन, असे तो मनाशी म्हणतो. बाहेरून पाहणाऱ्याला अठराव्या अध्यायातला ज्ञानी आणि सोळाव्यातला असुर एकच कर्म करताना दिसतील. मग ओळखायचे कसे?

त्याच अठराव्या अध्यायात तीन प्रकारची कर्मे सांगताना तामस कर्माचे लक्षण दिले आहे. पुढे काय होईल, किती नुकसान होईल, कोणाची हिंसा होईल आणि आपली ताकद किती, याचा विचार न करता मोहाने जे आरंभले जाते ते तामस. हा श्लोक प्रवचनांत फारसा रंगवला जात नाही. परंतु आपल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचे काम तो करतो. गीतेला हेतू हवा आहे, फलाची आसक्ती नको आहे. पण फलाचा विचारच नको, असे तिने म्हटलेले नाही. फळाची आशा सोडणे आणि दुसऱ्याच्या जखमेकडे डोळेझाक करणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपण त्या किती सहज एक करून टाकतो! व्हाइसरॉयच्या गाडीत इंजिन चालवणारा होता, गार्ड होता, वाढपी होते. त्यांचा विचार ज्या योजनेत नाही, ती योजना कितीही त्यागातून निघालेली असो, गीतेच्या या कसोटीला उतरत नाही.

१९३२ मध्ये, जळगावच्या शेजारच्या धुळे तुरुंगात, विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. साने गुरुजी ती उतरवून घेत होते. त्यात त्यांनी एका न्यायाधीशाची गोष्ट सांगितली आहे. शेकडो जणांना फाशी देणाऱ्या न्यायाधीशापुढे एकदा त्याचाच मुलगा आरोपी म्हणून उभा राहतो, आणि त्याला एकाएकी फाशीची शिक्षा अमानुष वाटू लागते. अर्जुनाचे तसेच झाले होते. त्याला अहिंसा सुचली नव्हती, त्याला आपली माणसे दिसली होती. मोहाने तत्त्वज्ञानाचा अंगरखा घातला होता. विनोबांची ही नजर उलट दिशेनेही लावून पाहावी. मोह जसा अहिंसेचा अंगरखा घालतो तसा तो कर्तव्याचाही घालतो, देशाचा घालतो, धर्माचा घालतो. आत पाहावे तर कधी अपमान असतो, कधी एकाकीपणा, कधी नुसता सूड.

याचे विदारक उदाहरण अमेरिकेत घडले. थिओडोर काझिन्स्की हा सोळाव्या वर्षी हार्वर्डला गेलेला गणिती. तरुणपणीच प्राध्यापकी सोडून तो मोंटाना राज्यात रानातल्या झोपडीत राहू लागला. वीज नाही, नळ नाही. राहणी पाहिली तर तपस्व्याची. १९७८ ते १९९५ या काळात त्याने सोळा बॉम्ब पाठवले किंवा ठेवले. तीन माणसे गेली, तेवीस जखमी झाली. यंत्रयुगाने माणसाचे स्वातंत्र्य हिरावले, असा त्याचा सिद्धान्त. तो सांगणारा पस्तीस हजार शब्दांचा निबंध त्याने धमकी देऊन वर्तमानपत्रात छापायला लावला. त्यातले काही विचार आपल्यापैकी अनेकांना पटतीलही. पण त्याच्या स्वतःच्या रोजनिशीत त्याने वर्षानुवर्षांपूर्वीच लिहून ठेवले होते की आपल्याला कोणाचे कल्याण करायचे नाही, सूड घ्यायचा आहे. त्याचे शेवटचे पार्सल ज्याच्या नावे होते तो अधिकारी त्या जागेवरून निघून गेला होता. त्याच्या जागी आलेल्या माणसाने ते उघडले आणि तो मेला. मुझफ्फरपूरची घोडागाडी इथेही आहेच. बॉम्बला पत्ता वाचता येत नाही.

काझिन्स्कीला ओळखले ते त्याच्या धाकट्या भावाने आणि भावजयीने. निबंधातली शब्दांची ठेवण घरच्या पत्रांतली होती. भावाने पुष्कळ दिवस तळमळून पोलिसांना कळवले, आणि मिळालेल्या बक्षिसाचा मोठा भाग पीडितांच्या कुटुंबांकडे वळवला. जयगोपालने साक्ष दिली ती जीव वाचवण्यासाठी. या भावाने दिली ती दुसऱ्यांचे जीव वाचवण्यासाठी. बाहेरून कर्म एकच. इथे लोकमान्यांचे म्हणणे किती खरे आहे ते लक्षात येते.

मग झाशीचे तरुण आणि हा झोपडीतला गणिती एकाच तागडीत घालायचे का? मुळीच नाही. वरवरच्या समतोलासाठी तसे करणे हा अन्याय होईल. आपल्या आवडीचा तो क्रांतिकारक आणि नावडीचा तो खुनी, अशी विभागणीही मला नको आहे. फरक त्यांच्या जगण्यातच आहे. काझिन्स्की सतरा वर्षे दुसऱ्यांच्या दारात मृत्यू पाठवून स्वतः सुरक्षित राहिला. भगवतीचरण २८ मे १९३० रोजी रावीच्या काठच्या रानात बॉम्बची चाचणी घेताना गेले. भगतसिंगांना सोडवण्यासाठी तो बॉम्ब होता. बॉम्बचा घोडा सैल आहे हे लक्षात आल्यावरही चाचणी त्यांनी स्वतःच्या हाताने केली. सोबत वैशंपायन आणि सुखदेवराज होते. सुखदेवराज यांच्या पायाला जखम झाली. उघडपणे अंत्यसंस्कारही करता आले नाहीत आणि दुर्गादेवींना पतीचे शेवटचे दर्शन झाले नाही. स्वतःला आधी पुढे करणारा आणि दुसऱ्याला पुढे ढकलणारा यांतला हा भेद आहे. मुझफ्फरपूरच्या त्या दोघींसाठी मात्र या भेदाला काही अर्थ नाही, हेही मनाशी धरून ठेवावे लागते. दोन्ही एकाच वेळी धरणे अवघड जाते, पण त्याला इलाज नाही.

आणखी एक गोष्ट. या क्रांतिकारकांना आपण आपल्या अध्यात्माच्या चौकटीत सक्तीने बसवू नये. भगतसिंग नास्तिक होते आणि तसे त्यांनी स्पष्ट लिहून ठेवले आहे. त्यांच्या त्यागाला आपल्या शिक्क्याची गरज नाही. साधकाने त्यांच्याकडून घ्यायचे ते निराळे आहे. हेतू तपासण्याची वेळ बॉम्ब हाती असताना नसते, कारण त्या क्षणी मन धगधगत असते आणि धगधगणारे मन स्वतःला नेहमीच पवित्र वाटते. संतापाच्या भरात लिहिलेले कठोर शब्द, ‘समाजाच्या हितासाठी’ केलेली कोणाची बदनामी, ‘शिस्तीसाठी’ मुलाला दिलेला मार, यांतही आपण तसेच पवित्र असतो. मी हे माझ्यासाठी करत नाही, हे वाक्य मनात आले की थोडे थांबावे आणि ज्याच्यावर ते कोसळणार आहे त्याच्या जागी जाऊन पाहावे. गांधीजींनी ‘अनासक्तियोगा’च्या प्रस्तावनेत चाळीस वर्षांच्या प्रयत्नांचा हवाला देऊन जे सांगितले, ते हेच. गीता अहिंसा शिकवण्यासाठी सांगितली असे त्यांनी म्हटले नाही. पण आसक्ती खरोखर सोडायला निघालेल्या माणसाला हिंसा करणे जमत नाही, असा आपला अनुभव त्यांनी नोंदवला. हा सिद्धान्त म्हणून घेऊ नये. करून पाहण्याचा प्रयोग म्हणून घ्यावा.

त्या तरुणांचे हेतू कसे होते, हे त्यांच्या नंतरच्या वर्षांवरूनही थोडेफार कळते. हातातले शस्त्र गेल्यावर माणसाजवळ जे उरते ते त्याचे मूळ धन. प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आल्यानंतर भगवानदास माहौर तुरुंगातून सुटले. पुढे शिक्षण पूर्ण करून त्यांनी १८५७ च्या संग्रामाचा हिंदी साहित्यावर झालेला परिणाम या विषयावर प्रबंध लिहिला आणि झाशीच्या बुंदेलखंड महाविद्यालयात शिकवले. विश्वनाथ वैशंपायनांनी आझादांचे चरित्र लिहिले. दुर्गादेवींनी लखनौला लहान मुलांची शाळा चालवली. रावीकाठी पायाला जखम झालेले सुखदेवराज दुर्ग जिल्ह्यातल्या अंडा या गावी कुष्ठरोग्यांची सेवा करत राहिले.

आणि सदाशिवराव मलकापूरकर. आझादांच्या मागे त्यांचे वडीलही गेले आणि आई जगरानीदेवी भाबऱ्याच्या झोपडीत एकटी, अन्नान्न दशेत राहिली. सदाशिवराव तिला झाशीला घेऊन आले. ‘माझ्या चंदूचा मित्र’ म्हणून ती त्यांच्याकडे राहिली. त्यांनी तिला तीर्थयात्रा घडवली. १९५१ मध्ये ती गेली तेव्हा चितेला अग्नी सदाशिवरावांनीच दिला. झाशीत बडागाव दरवाजाबाहेर तिची समाधी आहे.